डॉ. कमल रणदिवे : प्रयोगशाळेपासून मुलांच्या अंगणापर्यंत



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने बोलण्याचा मान आपण मला दिला, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. मी आयुष्यभर मराठी शिकविले. संतसाहित्यावर प्रबंध लिहिला. अशा माणसाने कर्करोगाच्या संशोधनाचा इतिहास सांगावा, याचे आपल्याला नवल वाटले असेल. विषयाची ही निवड माझीच आहे आणि तिच्यामागे एक जुने देणे आहे. ते आधी सांगतो, म्हणजे पुढील विवेचन कशासाठी, हे आपल्या ध्यानी येईल.

१९७३ साली मी याच परिसरातील एका शाळेत शिक्षक म्हणून रुजू झालो. गुरुजी तेथे माझे ज्येष्ठ सहकारी होते. माझ्या वर्गात अकरा वर्षांचा एक मुलगा होता. हुशार, अक्षर मोत्यासारखे. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो सकाळच्या तासाला उशिरा येऊ लागला. येताच डोके दुखते म्हणे. कधी व्हरांड्यात जाऊन ओकारी करी आणि दुपारी पुन्हा हसतखेळत असे. मला ते शाळा चुकविण्याचे निमित्त वाटले. पुढे त्याचे अक्षर ओळ सोडून खाली घसरू लागले. मी वही फेकून दिली आणि सर्व वर्गासमोर त्याला उभे केले. उभा राहताना त्याने भिंतीला हात लावला. तोही मला उद्धटपणा वाटला.

गुरुजींनी ते दारातून पाहिले. मधल्या सुट्टीत ते मला म्हणाले, "अक्षर बिघडलं तर आधी मूल पाहावं, मग वही पाहावी." त्याच संध्याकाळी ते मुलाच्या वडिलांकडे संत्र्याच्या बगीच्यात गेले. मांत्रिकाचा अंगारा झाला होता, चष्माही झाला होता. गुरुजींच्या आग्रहामुळे मुलाला सौंसरहून छोट्या लाईनच्या गाडीने नागपूरला नेले. मेंदूत गाठ होती. वेळ निघून गेली होती. पोळ्याच्या दिवशी त्याच्या घरी बैल सजले नाहीत.

त्या मुलाची मी क्षमा मागू शकलो नाही. त्याच्या डोक्यात नेमके काय चालले होते, त्यावर जगात कोणी काही करीत होते की नाही, हे मात्र मी पुढे वाचत राहिलो. त्या वाचनात मला एक मराठी स्त्री भेटली. तिची आणि त्या कामाची कथा आज आपल्यापुढे ठेवतो.

सीताफळाच्या कुळापासून आरंभ

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. शिक्षण हुजूरपागेत आणि नंतर वडिलांच्याच महाविद्यालयात झाले. मुलीने डॉक्टर व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. मुलीचा ओढा मात्र रोग्यापेक्षा पेशीकडे होता. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी १९४३ मध्ये एम. एस्सी. केले. विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींचे पेशी-आनुवंशिकीशास्त्र. सातपुड्याच्या उतारांवर पोरेसोरे ज्या झाडांखाली पिकलेली फळे शोधत फिरतात, त्याच कुळाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजीत ही मुलगी शास्त्रज्ञ झाली, हे ऐकून आपल्याला ती थोडी जवळची वाटेल.

१३ मे १९३९ रोजी त्यांचा विवाह गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी झाला होता. संसाराबरोबर त्या मुंबईस आल्या आणि टाटा स्मारक रुग्णालयात काम करू लागल्या. हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे सुरू झाले होते. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचा गौरव होतो, ते हेच.

खानोलकरांच्या विचारपद्धतीचा एक नमुना सांगतो, कारण त्यांच्या शिष्येचे पुढील काम त्यातूनच उमगते. कर्करोग हा दैवाचा घाला नसून त्याची कारणे माणसाच्या राहणीतही असू शकतात, असे ते मानीत. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात त्यांनी आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने भारतीय चालीरीतींशी निगडित अशा कर्करोगांचे वर्णन केले. धोतर वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी घट्ट आवळल्याने तेथील त्वचेला होणारा कर्करोग त्यात होता. तंबाखू व चुना ओठाखाली धरून ठेवल्याने होणाराही होता. परदेशी ग्रंथांत नसलेली ही गोष्ट केवळ समोरच्या माणसाकडे नीट पाहिल्यामुळे कळली. अशा गुरूच्या मार्गदर्शनाखाली कमलताईंनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळविली.

काचेच्या नळीतील पेशी

त्यानंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. माणसाच्या शरीरातून काढलेल्या पेशी काचेच्या नळीत जिवंत ठेवून वाढविण्याचे, म्हणजे ऊतिसंवर्धनाचे, तंत्र गाय यांनी अपार चिकाटीने विकसित केले होते. शरीराबाहेर अखंड वाढत राहणारी मानवी पेशींची पहिली वंशावळ १९५१ मध्ये याच प्रयोगशाळेत निघाली. हेन्रिएटा लॅक्स नावाच्या, पाच मुलांची आई असलेल्या एका गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतून त्या पेशी घेतल्या होत्या, आणि त्याही तिला न विचारता. ती त्याच वर्षी वारली; तिच्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. विज्ञानाच्या इतिहासात उपकार आणि अन्याय कधी कधी एकाच नळीत वाढतात, ही जाणीव विद्यार्थ्यांनी ठेवावी.

या तंत्राचे महत्त्व काय? कर्करोग म्हणजे पेशींच्या वाढीवरील लगाम सुटणे. तो का सुटतो आणि कोणत्या औषधाने आवरतो, हे रोग्याच्या शरीरावर तपासणे क्रूरपणाचे आणि बहुधा अशक्य. पेशी शरीराबाहेर वाढविता आल्या, तर प्रश्न त्यांना विचारता येतात. आज एखाद्या मुलाला दिलेले औषध त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी अशा असंख्य नळ्या व बशा यांतून पारखले गेलेले असते.

हे ज्ञान घेऊन कमलताई स्वदेशी परतल्या. मुंबईत १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले होते. तेथे त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राचा विभाग आणि भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. पेशींना लागणारी पोषक द्रावणे परदेशातून मागविणे परवडणारे नव्हते. ती त्यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने येथेच तयार करविली. उंदरांच्या जाती वाढवून त्यांनी स्तनांचा कर्करोग, रक्ताचा कर्करोग, अन्ननलिकेचा कर्करोग यांची उकल करण्याचा प्रयत्न केला. आईच्या दुधातून पिलांकडे जाणाऱ्या एका घटकामुळे उंदरांत स्तनांचा कर्करोग होतो, असे अमेरिकेत जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखविले होते. तो घटक पुढे विषाणू ठरला. विषाणू, संप्रेरके आणि अंगचा आनुवंशिक कल या तिहींचा परस्परसंबंध हा कमलताईंच्या अभ्यासाचा गाभा होता. कर्करोगाला एकच कारण शोधू नये, अनेक धागे एकत्र पाहावेत, ही दृष्टी आज सर्वमान्य आहे. त्या काळी ती कष्टाने सिद्ध करावी लागत होती.

याच प्रयोगशाळेत कुष्ठरोग्यांच्या गाठींतून काही जंतू संवर्धित करण्यात आले आणि त्यातून कुष्ठरोगाच्या लसीचे काम पुढे चालले. विदर्भाच्या सावलीत वाढलेल्या आपल्याला कुष्ठरोग म्हणजे काय, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

१९६४ मध्ये त्यांना भारतीय वैद्यक परिषदेचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार मिळाला. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी संशोधन केंद्राच्या संचालकपदाची प्रभारी जबाबदारी सांभाळली. याच सुमारास केंद्र आणि रुग्णालय एकत्र येऊन टाटा स्मारक केंद्र झाले. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये, म्हणजे मी त्या मुलाची वही फेकली त्याच वर्षी, त्यांनी अकरा सहकारिणींसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. या संघटनेने पुढे वाशी येथे नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर चालविले. संशोधन करणाऱ्या स्त्रीच्या वाटेतला अडसर बहुधा बुद्धीचा नसतो, घरी मूल कोणी सांभाळावे याचा असतो, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक असणार.

औषध कोठून आले

आता त्या मुलाच्या गाठीकडे वळू. कमलताईंनी मेंदूच्या गाठींवर काम केले नव्हते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु ज्या परंपरेची त्यांनी भारतात पायाभरणी केली, तिच्यातूनच त्या मुलासारख्यांवरील उपचार आले आहेत.

मुलांच्या मेंदूत होणाऱ्या घातक गाठींपैकी एक प्रमुख गाठ म्हणजे मेड्युलोब्लास्टोमा. ती डोक्याच्या मागच्या बाजूस, तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत होते. मेंदूतून वाहणाऱ्या द्रवाची वाट ती अडविते. त्यामुळे डोक्यातील दाब वाढतो. रात्रभर आडवे झोपल्यावर तो अधिक वाढतो. म्हणून डोकेदुखी आणि ओकारी सकाळी होते आणि उन्हे वर येताना मूल बरे दिसते. तोल जातो, म्हणून मूल भिंत धरते. हात चळतो, म्हणून अक्षर घसरते. माझ्या वर्गात जे घडत होते, त्यातील एकही गोष्ट निमित्त नव्हती.

या गाठीला हे नाव १९२५ मध्ये अमेरिकेतील हार्वे कुशिंग आणि पर्सिव्हल बेली यांनी दिले. कुशिंग हे मेंदूवरील शस्त्रक्रियेचे आद्य आचार्य. तरीही शस्त्रक्रियेनंतर ही गाठ पुन्हा उद्भवे आणि मुले जात. १९५३ मध्ये मँचेस्टरच्या डॉ. एडिथ पॅटर्सन यांनी दाखवून दिले, की गाठीच्या जागेबरोबरच संपूर्ण मेंदू आणि पाठीचा मज्जारज्जू यांवर किरणोपचार केला, तर अनेक मुले वाचतात. कारण या गाठीच्या पेशी त्या द्रवातून खाली पसरलेल्या असतात. ही मुले वाचवणारी वाट एका स्त्रीने दाखविली, हेही नमूद करण्याजोगे आहे.

औषधांची कथा आणखी वेगळ्या दिशेने येते. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत एका औषध कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख होते. त्यांच्या चमूने तयार केलेले अमिनोप्टेरिन हे द्रव्य बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिले. १९४८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले, की सोळा मुलांपैकी दहांमध्ये काही काळ सुधारणा झाली. सुधारणा टिकली नाही. पण रसायनाने मुलाचा कर्करोग हटू शकतो, हे प्रथमच दिसले. सुब्बाराव त्याच वर्षी निवर्तले.

दुसरे औषध आपल्या अंगणात आहे. तुळशीवृंदावनाशेजारी लावतो ती सदाफुली. तिच्यातून व्हिन्क्रिस्टीन हे द्रव्य मिळते आणि १९६३ पासून ते औषध म्हणून वापरात आले. किरणोपचाराबरोबर व्हिन्क्रिस्टीन व अन्य औषधे दिल्यावर मेड्युलोब्लास्टोमाच्या मुलांचे आयुष्य कितीतरी वाढले. कमी जोखमीच्या गटातील पाचांपैकी सुमारे चार मुले आज योग्य उपचारांनी पाच वर्षांच्या पलीकडे जगतात. माझ्या विद्यार्थ्याच्या काळी नुसते किरण होते. आणि तेही वेळेवर पोहोचणाऱ्याला.

या यशाची किंमतही सांगितली पाहिजे. वाढत्या मेंदूवर किरण पडले, की मुलाचे शिकणे मंदावते, उंची खुंटते, कधी कानाने ऐकू येईनासे होते. म्हणून आजचा प्रश्न केवळ वाचविण्याचा नाही. कोणत्या मुलाला उपचार कमी देऊन भागेल आणि कोणाला पूर्ण द्यावेच लागतील, हे ओळखण्याचा आहे.

येथे कमलताईंचे घराणे पुन्हा भेटते. त्यांची संशोधन संस्था २००२ मध्ये नवी मुंबईत खारघर येथे नव्या वास्तूत गेली. तेथे डॉ. नीलम शिरसाट आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी याच गाठीचा अभ्यास केला. मेड्युलोब्लास्टोमा ही एकच व्याधी नसून तिचे चार प्रमुख प्रकार आहेत आणि प्रत्येकाचे भवितव्य निराळे आहे, यावर जगातील संशोधकांचे २०१२ मध्ये एकमत प्रसिद्ध झाले. हे प्रकार ओळखण्याच्या पद्धती महागड्या, ताज्या गोठविलेल्या ऊतींवर अवलंबून असलेल्या. आपल्याकडे शस्त्रक्रियेनंतर गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून ठेवतात. अशा साध्या ठोकळ्यांतूनही निवडक जनुके आणि सूक्ष्म-आरएनए मोजून गाठीचा प्रकार सांगता येतो, हे खारघरच्या या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखविले. परक्या प्रयोगशाळेत जे सहज मिळते ते आपल्याकडे नसेल, तर आपल्याकडे जे आहे त्यावर चालेल अशी रीत शोधावी, ही ती वृत्ती. पोषक द्रावणे येथेच तयार करविणाऱ्या कमलताईंना ती ओळखीची वाटली असती.

अकोल्याची वाट

निवृत्तीनंतर कमलताई घरी बसल्या नाहीत. १९८९ मध्ये त्या तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात गेल्या आणि आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास हाती घेतला. महिला वैज्ञानिक संघटनेच्या वतीने ग्रामीण स्त्रियांना आरोग्याचे मार्गदर्शन केले. ज्या स्त्रीने आयुष्यभर सूक्ष्मदर्शकातून पेशी पाहिली, ती सत्तरी ओलांडल्यावर डोंगरातल्या मुलाचे वजन आणि उंची पाहू लागली. मला तरी यात दोन निरनिराळी कामे दिसत नाहीत. ११ एप्रिल २००१ रोजी त्या निवर्तल्या.

त्यांच्या या शेवटच्या वाटेने आपण आपल्या गावात येऊ. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर पलीकडे गेले आणि पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिले. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. सीमा बदलल्या, पण आजारी माणसाची वाट पूर्वीसारखीच नागपूरकडे जाते. तेथे आज राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. डोक्याचा छेदचित्रपट काढणारी यंत्रे आहेत. १९७३ मध्ये यांतले काहीच नव्हते. म्हणजे आज उणीव रुग्णालयाची राहिलेली नाही. उणीव आहे ती मुलाला तेथे वेळेवर पाठविणाऱ्या डोळ्यांची.

हे डोळे तयार करता येतात. इंग्लंडमध्ये २०११ पासून पालक, शिक्षक आणि डॉक्टर यांना मुलांच्या मेंदूतील गाठीची लक्षणे समजावून सांगण्याची मोहीम चालली. त्यापूर्वी पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत साधारणपणे चौदा आठवडे जात; काही वर्षांत हा काळ सुमारे सात आठवड्यांवर आला. त्यासाठी नवे औषध लागले नाही. लक्षणांची यादी लहानशी आहे: दोन आठवड्यांहून अधिक टिकणारी डोकेदुखी किंवा ओकारी, विशेषतः सकाळची, चालताना जाणारा तोल, नव्याने आलेला तिरळेपणा किंवा दोन-दोन दिसणे, मान एकीकडे झुकणे, चांगले असलेले अक्षर बिघडणे, स्वभावात अकारण बदल. यांतील प्रत्येक लक्षण बहुधा साध्या कारणाने येते, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. परंतु दोन-तीन एकत्र दिसली आणि टिकली, तर अंगारा व चष्मा यांच्या आधी डॉक्टर झाला पाहिजे.

शिक्षक बंधुभगिनींनो, खानोलकरांनी धोतराची गाठ पाहिली, पॅटर्सनबाईंनी मज्जारज्जूकडे पाहिले, कमलताईंनी नळीतली पेशी पाहिली. या साखळीची अखेरची कडी आपल्या वर्गात असते, आणि तिला सूक्ष्मदर्शक लागत नाही. ती निसटली, तर मागच्या शंभर वर्षांचे श्रम त्या एका मुलापुरते व्यर्थ जातात. माझ्या हातून ती निसटली होती. गुरुजींनी ती धरली, पण तोवर फार उशीर झाला होता.

या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, बाहेरगावी मोठ्या पदांवर आहेत. त्यांना माझी एक विनंती आहे. वर सांगितलेली लक्षणांची यादी मराठी व हिंदी या दोन्ही भाषांत छापून या दोन्ही तालुक्यांतील प्रत्येक शाळेच्या शिक्षककक्षात लावावी. खर्च थोडा आहे. गुरुजींचे स्मारक म्हणून त्याहून उचित असे मला काही सुचत नाही. आणि पहिली प्रत लावण्यासाठी भिंतीवर खिळा ठोकण्याचे काम माझ्याकडे द्यावे, एवढेच मागणे.